एकेचाळीस उघड्या फायली

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

आले एकदाची कोल्हारला! नगरच्या तारकपूर स्टँडवरून साडेसातची गाडी, राहुरीपर्यंत उभ्याने, पुढे खिडकी मिळाली. खड्डे मोजायचं मी विळदच्या पुढेच सोडून दिलं. बंगळुरूला सहा वर्षं मी फोनवरून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त केले, एकदा बंद करून चालू करा म्हणत. जुलैत कंपनीने आम्हा सत्तर जणांनाच बंद केलं. पुन्हा चालू काही केलं नाही.

खोली बनुबाईंच्या माडीवर. साठीच्या आहेत, एकट्याच असतात. आज त्यांच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. बॅग हातातून काढून घेतली आणि मला थेट पानावर बसवलं. पोरी, लई वाळलीस गं, म्हणाल्या. बाईंनी मला आयुष्यात आज पहिल्यांदा पाहिलं, तरी मी वाळले हे त्यांना कळलं! तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. झोप आवरत नव्हती, तरी स्टुडिओ बघून आले.

स्टुडिओचं नाव संस्कृती फोटो अँड व्हिडिओ. हमरस्त्यावर, पेरूच्या गाड्यांसमोर, दुसऱ्या मजल्यावर. संस्कृती ही मालकांची मुलगी. मालक श्रीमंतभाऊ मोठे गोड माणूस, माझ्यापुढे चहाचा कप आणि स्वतःपुढे बशी. लग्नं, बारशी करतात, पण जास्त काम दहाव्यांचं. प्रवरेच्या घाटावर आसपासच्या गावांचे दहावे होतात. ज्यांना येता येत नाही त्यांना व्हिडिओ पाठवायचा. अकरा वर्षांचं शूटिंग डिस्कवर तुंबलंय, दिवाळीनंतर लग्नसराई, त्याआधी साफसफाई हवी. ती मी करायची.

खरं कारण इथे लिहूनच ठेवते. बाबांचा दहावाही याच घाटावर झाला, दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, आणि शूटिंग श्रीमंतभाऊंचंच. मी नव्हते. आई आजारी होती तेव्हा माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, म्हणून बाबांनी मला कळवलंच नाही. मी पोचले तेव्हा आईची राख सावडून झाली होती. त्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, तुमच्या वेळी मी येणार नाही. आणि नाही आले. मग सुहासकाकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, भिंगारहून व्हिडिओ पाठवला. त्यात काका पिंडापुढे हात जोडून म्हणतात, दादा, मनवाचं आम्ही बघू. तेवढ्यात कावळा येऊन पिंडाला शिवतो. गेलेल्या माणसाची इच्छा उरली नाही की कावळा शिवतो म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तो वीस सेकंदांचा तुकडा मी शेकडो वेळा पाहिलाय. बाबांनी मला माफ केलं, याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे. त्याची पूर्ण, मूळ फाईल मला हवी आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

काय तो पसारा! नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन, फायनल, फायनल खरं, एकदम फायनल. भाऊंना विचारलं तर म्हणतात, ताई, घाईत व्हतं तसं.

"जुने दहावे" या फोल्डरपासून सुरुवात केली. तीनशेच्या वर व्हिडिओ, सगळे घरच्यांना पोचलेले; भाऊ म्हणाले फार जुन्या वर्षांचे आहेत, म्हणजे बाबांचा यात नसणार. निवडले, डिलीट केले, भराभर गेले. मागे एकेचाळीस उरले. प्रत्येकाला एकच निरोप: ही फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा. हे नेहमीचं दुखणं. फाईल मॅनेजर स्वतःच व्हिडिओचं छोटं चित्र दाखवायला फाईल धरून बसतो. बाजूची झलक बंद केली, चित्रांऐवजी नुसती यादी लावली, मशीन बंद करून चालू केलं. तरी हटेनात. उद्या बघतेच एकेकाला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस गेले आणि मी इरेला पेटलेय. टास्क मॅनेजरमधून सगळं बंद केलं. सेफ मोडमध्ये गेले. फायलींची मालकी माझ्या नावावर घेतली. फाईल कोणत्या प्रोग्रॅमने धरलीय ते सांगणारं एक साधन असतं, ते चालवलं. त्याने एकेचाळीस ओळी दाखवल्या, आणि जिथे प्रोग्रॅमचं नाव येतं तिथे काहीच नव्हतं. शेवटी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली. तिथेही उघडीच! डिस्क इथे माझ्या टेबलावर, मग ती दुसरीकडे कशी उघडी असेल? सहा वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

भाऊ म्हणाले, राहू द्या की ताई, पडल्यात तर पडू द्या. जरा घाईनेच म्हणाले.

आणखी एक गंमत. फाईल शेवटची कधी पाहिली गेली ती वेळ बघितली. एकेचाळीसच्या एकेचाळीस, आजची तारीख, आत्ताचं मिनिट. मिनिटभराने पुन्हा पाहिलं तर पुढचं मिनिट. घड्याळाची बॅटरी गेली असणार.

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून पितृपक्ष. सकाळी बनुबाई गच्चीवर घास ठेवत होत्या. कावळे चिकार. एकाने तर माझ्या हातातलं बिस्किट नेलं, मेला!

स्टुडिओत ती एकेचाळीस नावं पहिल्यांदाच नीट वाचली. सव्विसावं नाव: नारायणराव, भिंगार. बाबा.

मोठ्या स्क्रीनवर लावलं. आजवर मोबाईलवर बघितलं होतं, त्यात दिसलं नव्हतं ते दिसलं. घाटावर सगळ्यांच्या सावल्या डावीकडे पडल्यात. कावळ्याची उजवीकडे. कावळा डाव्या पायाने लंगडतो, पिंडावर दोनदा चोच मारतो, मान वळवतो आणि उडतो.

बाकीच्या चाळीस फायली उघडल्या. सगळीकडे तोच कावळा. तोच लंगडा पाय, दोनदा चोच, मान वळवणं. उन्हाळ्यात तोच, पावसात तोच, आणि पावसातही कोरडा.

जेवले नाही. बनुबाईंना सांगितलं डोकं दुखतंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

भाऊंना स्क्रीनसमोर उभं केलं आणि एकामागून एक चार व्हिडिओ लावले. पाचव्याला त्यांनी हात जोडले. सगळं सांगितलं. तास तास कावळा येत नाही, लेकी रडून बेजार होतात, गावात चर्चा होते की म्हातारीचं काय राहिलं, कुणी छळलं. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात, पण घरच्यांच्या जिवाला ते लागून राहतं. मग भाऊंनी स्वतःच्या आईच्या दहाव्यातला कावळा कापून बसवायला सुरुवात केली. त्यांची आई समाधानात गेली होती, पिंड ठेवताक्षणी कावळा शिवला होता. माझ्या आईचा कावळा चांगल्या पायगुणाचा हाय ताई, म्हणाले. एक रुपया जास्त घेतला न्हाई. रडणाऱ्या माणसाला मोकळं केलं, यात काय वाईट केलं मी?

मला हसू आलं आणि मग रडू. दोन वर्षं मी कुणाच्या तरी आईच्या कावळ्याच्या पाया पडतेय!

मी त्यांना नाही नाही ते बोलले. "आईचा कावळा" नावाची ती क्लिप त्यांच्यासमोर डिलीट केली. रिसायकल बिनमधूनही. कुठलीही कुरकुर न करता गेली.

११ सप्टेंबर, गुरुवार

बनुबाई वैतागल्यात. परवापासून गच्चीवर घास तसाच. शेजारीही तसाच. घाटावर माणसं पान मांडून ताटकळतायत. औषध मारलं का काय कुनी कावळ्यांला, म्हणतात. मी संध्याकाळी नदीपर्यंत चालत गेले. साळुंक्या होत्या, बगळे होते. कावळा एकही नाही.

स्टुडिओत बाबांची फाईल बघितली. बावन्न मिनिटांची होती. आज एक तास सदतीस मिनिटं दाखवतेय. चहा घेऊन आले तोवर एक तास चव्वेचाळीस.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. शूटिंग चालू असताना फाईल अशीच वाढत जाते. तेव्हाही ती डिलीट होत नाही, उघडी आहे असंच सांगते. म्हणजे या फायली अडकलेल्या नाहीत. त्यांचं शूटिंग अजून संपलेलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पाहिलं. पहिली बावन्न मिनिटं तीच, फक्त आता कावळा नाही. काका म्हणतात मनवाचं आम्ही बघू. कुणी येत नाही. काका पुन्हा म्हणतात. मग बराच वेळ सगळे आभाळाकडे बघत उभे. गुरुजी दर्भ घेतात. लोक टोप्या झटकून निघून जातात. नेहमीचा व्हिडिओ इथे संपायला हवा.

पण पुढे चालू आहे. रिकामा घाट, पत्रावळीवर पिंड. आणि पिंडाशेजारी पाठमोरा एक माणूस बसलेला. करडा स्वेटर, मानेपाशी निळ्या लोकरीचा टाका. तो टाका आईने घातला होता, करडी लोकर संपली म्हणून. मी तेव्हा आठवीत होते.

बाबा, तुम्ही कुणाची वाट बघताय ते मला माहीत आहे.

१४ सप्टेंबर, रविवार. अष्टमी

बाबांची तिथी. गुरुजींना सांगून घाटावर रीतसर सगळं केलं. पिंड ठेवून मोठ्याने म्हटलं, लोक ऐकत होते तरी म्हटलं. बाबा, चुकले. मी यायला हवं होतं. आता आलेय. तुम्ही आईचं लपवलंत त्याचा राग नाही आता. (तो आहे. थोडा आहे. त्यांनाही ते कळलं असेल का?)

अडीच तास उभी राहिले. ऊन डोक्यावर आलं. आभाळ कोरं. शेवटी गुरुजींनी दर्भ हातात घेतला, तेव्हा मी त्यांचा हात धरला. नको म्हटलं. दर्भ नको, नकली काही नको. गुरुजींना ते आवडलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

भिंगारला जाऊन आले. सुहासकाकांना विचारलं, खरं सांगा. काका थकलेत आता. म्हणाले, दीड तास थांबलो गं. घर, पेन्शन, सगळ्यांची नावं घेऊन झाली. शेवटी मी दादाला सांगितलं, मनवा येणार नाही, तिची वाट बघू नकोस. पण तो काही ऐकेना. मग मीच त्या स्टुडिओवाल्याला म्हटलं, पोरीला यातलं काही कळू देऊ नका.

म्हणजे पुन्हा तेच. आईच्या वेळीही मला त्रास होऊ नये म्हणून लपवलं. बाबांच्या वेळीही. या घराने माझ्यावर माया केली ती अशी.

परतीच्या गाडीत मोबाईलमधली कॉपी उघडली. तीही वाढतेय.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत उठायचे तसेच. पत्रावळ दोन्ही हातांत उचलली, पिंडासकट. तोंड अजून दिसलेलं नाही. घाटाच्या पायऱ्या चढायला लागले.

कॅमेरा त्यांच्या मागे मागे जातोय. कॅमेरा कुणाच्या हातात आहे?

मी स्क्रीन बंद केला. फाईलचे आकडे वाढतच राहिले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

देवळामागची गल्ली. मग चौक. आजची माणसं, आजच्या पेरूच्या गाड्या, कुणालाच ते दिसत नाहीत. अगदी हळू चालतात, पिंड पडू नये म्हणून. रस्ता ओलांडताना ट्रक येऊ देतात. बाबा कायम असेच, ट्रक गेल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत.

बनुबाईंना सांगितलं. त्यांनी मीठमोहऱ्या उतरवल्या. मग हळूच विचारलं, त्या यादीत माझे मालक हायेत का गं. आहेत. चौथं नाव. मी नाही म्हटलं.

मीही लपवलं. बघा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

भाऊ गेले. सुप्याला बहिणीकडे. किल्ली बनुबाईंजवळ ठेवून गेलेत. निरोप असा की डिस्क प्रवरेत टाका नाहीतर जाळा, मला इचारू नका.

बाकीच्या फायली बघितल्या. चाळीस घाट. चाळीस माणसं पाठमोरी बसलेली. म्हाताऱ्या, एक नऊवारीतली तरुण बाई, फेटा घातलेला एक. सगळ्यांनी मान एकाच बाजूला वळवलीय. बाबा ज्या पायऱ्यांनी गेले त्या बाजूला.

पळून जाऊ? सकाळी बॅग भरली होती. पण एकदा आले नव्हते, त्याचंच तर हे झालंय. बॅग पुन्हा रिकामी केली.

२० सप्टेंबर, शनिवार

आज जिना. स्टुडिओचाच. पान खाऊन थुंकलेला तो कोपरा, तुटकी तिसरी पायरी. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबलेत. दम खातायत. त्यांना दम लागायचा —

मी दार उघडून खाली बघितलं. कुणी नाही. पायरीवर भाताचं एक शीत, त्याला काळा तीळ चिकटलेला.

उद्या सर्वपित्री. उद्या येते बाबा. या खेपेला नक्की.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

सकाळी नऊ. आलेय. दार उघडंच ठेवलंय. खाली गावभर पानं मांडलीत, गच्च्यांवरून लोक काव काव ओरडतायत. उत्तर नाही.

अकरा. स्क्रीनवर स्टुडिओचं दार. मग खोली. मग मी, पाठमोरी, लिहिताना. वळून बघितलं. कुणी नाही. पुन्हा स्क्रीनकडे —

पत्रावळ टेबलावर आहे. कीबोर्डच्या शेजारी. खरी. भाताला वाफ येतेय. दोन वर्षांपूर्वीचा भात —

स्क्रीनवर ते माझ्या खुर्चीमागे उभे. तोंड दिसतंय आता. रागावलेले नाहीत. नुसते वाट बघतायत. शाळेचा डबा भरून दारात उभे राहायचे तसे. आणि मला कळलं. त्यांना कावळा नकोच होता. कधीच नको होता. मीच शिवायला हवं होतं —

अकरा वीस. शिवले. दोनदा. या पानावर काळं लागलंय ते तिळाचं.

आकडे थांबले. पहिल्यांदाच थांबले. स्क्रीनवर रिकामी खुर्ची, मागे कुणी नाही. फाईल निवडली, डिलीट केली. गेली! गेली, कुरकुर न करता. बाबा गेले. मी मोठ्याने रडतेय आणि मला इतकं हलकं वाटतंय. इतक्या वर्षांत कधी —

साडेअकरा. तीळ धुतले जात नाहीत. नखांखाली गेलेत. नखंच काळी —

यादीत चाळीस राहिल्यात. आता सगळ्या वाढतायत, भराभर. मी एक उघडली. जिना. दुसरी उघडली. जिना. फेटेवाला. नऊवारीतली. बनुबाईंचे मालक. सगळ्यांच्या हातांत पानं —

बाबांना मी ओळखत होते. यांना मी कोण —

जिन्यावर ऐकू येतंय. तुटक्या पायरीचा आवाज. पुन्हा. पुन्हा. दार उघडं आहे, मीच ठेवलं —

टेबलावर दुसरी पत्रावळ. खाली फरशीवर तीन. खिडकीत. माझ्या मांडीवर —

नाही. बाबांपुरतं होतं. मी फक्त बाबांपुरती — त्यांना वाटतंय इथे कावळा

डावा पाय उचलत नाही. लंगड